काठवटीतला म

माय,

आज ऑफिसात नवी पाटी आली. तिच्यावर बारीक बारीक खिळे असतात. ते आपोआप वर येतात, त्यांचं ब्रेलचं नव्हे, तुझ्यासारखं रेघांचं अक्षर होतं, बोट फिरवून झालं की सगळं पुन्हा सपाट. आमच्यासारख्या न दिसणाऱ्यांसाठी केलीय म्हणे. सगळ्यांना नवल वाटलं. मला तुझी काठवट आठवली.

वालूरच्या घरात तू चुलीपुढे बसली आहेस, मधे काठवट, पलीकडे मी. मळलेलं ज्वारीचं पीठ तू थापून सपाट करतेस, बोटाने खोल अक्षर काढतेस आणि माझं बोट धरून त्या चरीतून फिरवतेस. मग एक थापटी, की ते गेलं, दुसरं आलं. तू शाळेची पायरी चढली नव्हतीस. विहाराच्या भिंतीवर ‘नामांतर’ हा एकच शब्द रंगवला होता, तो बघून बघून तू गिरवलास. पुढे गावातल्या कुणीतरी त्यावर शेण फासलं, पण तोवर अक्षरं तुझ्या बोटात उतरली होती. त्यामुळे आपल्या शाळेत अ-आ नव्हतंच. न, म, त, र. तेवढ्यावर मी स्वतःला लय शहाणी समजायची.

शहरातल्या अंधशाळेत बाईंनी लाकडी अक्षर हातात दिलं. मी ते चाचपलं, फिरवून उलटं धरलं आणि ऐटीत ‘म’ म्हणाले. बाई हसल्या, मग वर्ग हसला. दिवाळीच्या सुट्टीत मी फणफणत घरी आले. तू हौसेने पीठ सपाट केलंस, माझं बोट धरलंस, आणि मी हात हिसकावून घेतला.

“येत न्हाई तर शिकवायचं कशाला? समदं उलटं शिकिवलंस.”

तू थापलेलं पीठ पुन्हा गोळा केलंस. मग म्हणालीस, “मला दिसलं तसं दिलं, बाई.”

त्यानंतर त्या काठवटीत नुसत्या भाकरीच झाल्या. विद्यापीठाचं नाव बदललं त्याच्या आदल्या वर्षी तू गेलीस. तोवर सुट्ट्या कितीतरी आल्या, पण मी तो विषय काढला नाही.

आज ऑफिसातली मुलगी टेबलापलीकडे बसून ती पाटी लावत होती. खिळे वर आले, मी बोट ठेवलं आणि पटकन ‘म’ म्हणाले. ती म्हणाली, “अहो, पाटी माझ्याकडून सुलट आहे. तुम्हाला उलटं कसं वाचता आलं?”

एवढी साधी गोष्ट, माय. तू माझ्यासमोर बसायचीस. माझ्या बाजूला आली असतीस तर चुलीवरची भाकरी जळाली असती. अक्षरं तुझ्याकडून सुलटच होती. तू काहीच चुकली नव्हतीस, आणि मी तुला चुकीची ठरवून बसले.

घरी येऊन पीठ मळलं, थापलं. पलीकडे कुणी नाही, तरी तुला सुलट दिसावं म्हणून ‘माय’ लिहायला घेतलं. ‘मा’ बरोबर आला. ‘य’ मला तुझ्या बाजूने काढता येत नाही. तो त्या भिंतीवर नव्हता.