उशी कुणी उसवली

३ मार्च
आत्याबाई मिरजगावला लेकीकडं जाऊन आठवडा होत आला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डोळ्यात थेंब घालायला वन्सं आहेत, तशी काळजी नाही. पण घर मुकं झालंय. कामात लक्ष लागेना.

संध्याकाळी हे आत्याबाईंच्या खोलीत चार्जर शोधायला गेले नि नाक धरून बाहेर. "काय वास मारतोय गं. ती उशी काढ पहिली. धू, नाहीतर फेकून दे." म्हटलं, त्यांना विचारून काढते. "आई माझी आहे. मी सांगतोय ना?" बरं बाबा.

५ मार्च
उशी उसवली. आतली खोळ तेलानं कातड्यासारखी झालेली, वर्षानुवर्षं खोबरेल नि बाम. कापूस मात्र सावरीचा, आत्याबाईंनी स्वतः बिया काढून भरलेला. तो पाण्यात घालायचा नाही, गोळे होतात. त्यांनीच शिकवलं मला. लग्नानंतर पहिल्याच उन्हाळ्यात मी एक अख्खी उशी बादलीत बुडवली होती, तेव्हा. रागावल्या नव्हत्या, पदर तोंडाला लावून हसल्या होत्या.

गच्चीत जुन्या साडीवर कापूस पसरला, वर दुसरी साडी टाकून चारी कोपऱ्यांना विटा. नाहीतर वाऱ्यानं आमचं निम्मं भिंगार पांढरं व्हायचं. खोळ सोडा टाकून उकळली. डाग तसाच, वर हातातच फाटली. फाटकाशी ठेवली घंटागाडीसाठी. त्यांची चटईही ठेवली, खालून कुजलीच होती.

६ मार्च
घंटागाडी आलीच नाही. चटई, खोळ फाटकाशी तशीच. शेजारच्या शिंदेकाकू कंपाउंडवरून, "आजी बऱ्या आहेत ना गं?" हो म्हटलं. तोंड कसंनुसं केलं बाईनं. का ते कळलं नाही.

नवी खोळ शिवली. कापड घट्ट विणीचं घेतलं, विरळ कापडातून सावर बाहेर येते. कापूस उद्या आणखी एक ऊन खाऊ दे.

७ मार्च
वन्संचा फोन. सुरुवातच, "वैनी, आई जित्ती हाय अजून."

शिंदेकाकूंची भाची मिरजगावात दिलीय. तिनं बाजारात वन्संना विचारलं, आजी कधी गेल्या म्हणून. "मेलेल्या मानसाचं अंथरून दाराभाईर काढत्यात. म्हाईत न्हाई व्हय तुमाला? आईनं ऐकलं, कालपासनं जेवली न्हाई." माझ्या डोक्यातही आलं नव्हतं हो. एक फाटकी खोळ नि चटई!

मी सांगायला लागले तर, "दादाला फोन केल्ता आमी. त्यो म्हनला, मला काय म्हाईत न्हाई, मी ड्युटीवर हुतो, तिनंच काढलं."

तिनंच काढलं.

हे आल्यावर विचारलं. बूट काढता काढता म्हणतात, "अगं ती चिडलेली, मी कुठं वाद घालत बसू? तू बोलून घेशील. तुमचं दोघींचं जमतं की." केसानं गळा कापला माझा, आणि वर म्हणे जमतं.

९ मार्च
आत्याबाई फोन घेत नाहीत. वन्सं निरोप देतात, "आई म्हनती, आता माझं अंथरून हितंच." म्हणजे इथं परत येणारच नाहीत.

लग्न होऊन आले तेव्हा मला आई नव्हती. माझी बाळंतपणं ह्या बाईनं केली. त्यांनी मला असं समजावं? आणि ज्याला एक वाक्य बोलून हे मिटवता येतंय तो टीव्हीपुढं. भाजी करपली, तशीच वाढली. ह्यांनी निमूट खाल्ली.

११ मार्च
उशी भरली, तोंड शिवलं. फुगून कशी मऊ झालीय. हे दाबून बघतात नि म्हणतात, "झकास! बघ, मी सांगितलं ते बरंच झालं ना?"

अंगाची लाहीलाही झाली. चांगलं झालं की ह्यांनी सांगितलं, वाईट झालं की मी काढलं. म्हटलं, हेच वाक्य आईला फोनवर म्हणा. "रविवारी बोलतो निवांत." ह्यांचा रविवार कधी उगवतो बघू.

१५ मार्च, रविवार
दुपारी शेवटी मीच फोन लावला. चक्क आत्याबाईंनी उचलला.

त्याच बोलल्या. "खरं सांग पोरी. तू आपल्या मनानं माझ्या उशीला हात लावायची न्हाईस. कुनी सांगितलं?"

हे समोर ताटावर. आत्याबाईंचा आवाज मोठा, ऐकू गेलंच. घास हातातच राहिला. माझ्याकडं बघून नुसती मान हलवली, नको म्हणून.

पार ओठावर आलं होतं. पण मी सांगितलं तर ती चुगली, त्या वरवर हो म्हणतील नि मनातून लेकालाच जपतील. फोन ह्यांच्यापुढं धरला. म्हटलं, आई काहीतरी विचारताहेत, तुम्ही सांगा.

डाव्या हातानं घेतला. घसा खाकरला.

"हां आई. जेवलीस का?"

आणि फोन घेऊन उष्ट्या हातानं अंगणात गेले. ताट तसंच आहे. मी हे लिहितेय, अजून आत आलेले नाहीत.