दिवाळ्याच्या बाजारातल्या नोंदी

आई, आज सकाळी ऑफिसला निघताना फोन उघडला, तर वाचायच्या यादीत तुझ्या ब्लॉगचं नाव ठळक झालेलं. म्हणजे न वाचलेलं, नवीन काहीतरी आलंय. तू जाऊन आठ वर्षं झाली. मी चपला न काढताच पुन्हा आत येऊन बसलो.

ब्लॉगच्या नव्या नोंदी फोनवर आणणारं हे फीड मीच तुला समजावलं होतं, बेलापूरच्या घरात, ओट्यापाशी. मी पुण्याहून सुट्टीला आलो होतो आणि तू बोंबलांना पीठ लावत होतीस. निवृत्तीनंतर तुला नवाच छंद लागलेला. सकाळी जवळच्या दिवाळे गावातल्या मासळीबाजारात जायचं, कोणती मासळी आली ते बघायचं, फोटो काढायचे आणि घरी येऊन ब्लॉगवर चार ओळी लिहायच्या. तिथली कोळीण एकदा तुला म्हणाली होती, "फोटू काय काढतेस बाय, मावरं घे. फोटूचं कालवन होनार हाय का?" तेही तू लिहिलंस, आणि दुसऱ्या दिवशी तिला वाचून दाखवलंस.

मी म्हटलं, "आता मला तुझं पान रोज उघडायला नको. तू लिहिलंस की माझ्याकडे आपोआप येईल."

"आपोआप कसं? कोणीतरी आणत असेल ना!"

मग मी सांगितलं. तुझ्या पानामागे एक साधी यादी असते, नवीन नोंद वर, जुन्या खाली. माझ्या फोनमधलं ॲप दिवसातून बऱ्याचदा तिथे जाऊन ती यादी बघतं. मागच्या वेळेपेक्षा काही नवीन असलं तर घेऊन येतं. त्याला तुझा नंबर लागत नाही, माझा पत्ता लागत नाही. कोण वाचतंय हे तुला कळतही नाही.

"आणि मी काही लिहिलंच नसेल तर?"

"तर रिकामं परत येतं. थोड्या वेळाने पुन्हा जातं."

तू हात धुतलेस. "रिकामं परत? शेजारणीचा डबासुद्धा आपण रिकामा पाठवत नाही, चिमूटभर साखर तरी घालतो."

मी हसलो. यंत्राला काय त्याचं, असं म्हणालो. पण तू ऐकलं नाहीस. त्यानंतर तुझा एकही दिवस सुटला नाही. होड्या गेल्या नसतील तर, 'आज वारा फार. बाजार मोकळाच.' एवढंच. पाहुणे आले, ताप आला, लाईट गेली, तरी संध्याकाळपर्यंत एक ओळ पडायचीच. पुण्यात रात्री जेवताना मी ती वाचायचो.

आज तिथेच बसून दादाला फोन केला. तो म्हणाला, "अरे, ब्लॉग जिच्याकडे होता ती जुनी कंपनी बंद होतेय. म्हणून तो मी दुसरीकडे हलवला. पानाचा पत्ता तोच ठेवलाय. का रे, उघडत नाहीये का?"

मी सांगितलं, नोंदी नव्याने आल्यात.

"हां, प्रत्येक नोंदीला आतून एक खूण असते, ती बदलली असणार. तुझ्या ॲपला वाटलं नवीनच आहेत." मग म्हणाला, "दचकलास का?"

"नाही."

फीडमध्ये सगळं येत नाही, फक्त शेवटच्या काही नोंदी येतात. त्यामुळे आज जे आलं ते सगळं तुझ्या आजारातलं होतं. त्यात मासळी नाही, बाजार नाही. 'आज गेले नाही. खिडकीतून खाडी दिसते, भरती आहे.' 'आज पेज घेतली.' 'आज काही नाही.' हॉस्पिटलमध्ये तुझ्या डाव्या हाताला सलाईन होती आणि फोन तू उशीखाली ठेवायचीस. उजव्या हाताच्या अंगठ्याने एकेक अक्षर शोधत होतीस, ते मी समोर बसून पाहिलं होतं. मी म्हटलं होतं, "आता राहू दे ना, मी इथेच आहे." तू म्हणालीस, "तू आहेस रे. पण ते येऊन रिकामं जाईल ना."

हे मी फोनवरच लिहितोय. कुठल्या यादीत ते जाणार नाही, कुणी न्यायलाही येणार नाही.

संध्याकाळी दादाने विचारलं तेव्हा सगळ्या नोंदी वाचल्या, असं मी त्याला सांगितलं. ते खरं नाही. सगळ्यात वरची, तुझी शेवटची, मी अजून उघडलेली नाही. तिच्यात काय आहे ते मला पाठ आहे. पण ती उघडली की तुझं नाव पुन्हा फिकट होईल.