तीन विती आणि नामाचा हात

२ सप्टेंबर १९७३, रविवार
नवी वही. आजपासून गाडीच्या विक्रीची रीतसर नोंद ठेवणार. खोपोलीच्या कारखान्यात मी टाइमकीपर आहे, नोंदी ठेवणं अंगातच आहे.
गाडी: विलायती, लाल, दोन सीटची. स्पोर्ट्‌स कार. आमच्या अख्ख्या पोशीर गावात एकच. खंडाळ्याच्या एका बंगल्यात पडून होती, वैशाखात आणली. त्यासाठी बायकोची, जिजाची, म्हैस शेजारच्या नवशाला विकली. जिजा "विकली" म्हणत नाही, "नेली" म्हणते.
तिला शब्द दिला आहे. मुंबईचं गिऱ्हाईक गाठायचं, दुप्पट भावाने गाडी द्यायची आणि म्हैस परत आणायची. नवशा कबूल आहे, पण म्हैस विईपर्यंतच. व्यायली की मग देणार नाही. दिवाळीच्या पुढेमागे विईल. म्हणजे वेळच वेळ.

९ सप्टेंबर, रविवार
गाडीचे चारही टायर कुजलेले. मेव्हणा सखा कर्जतला टेंपो चालवतो. तो म्हणाला, "दाजी, टायरवर साइज लिवलेली असते. ती कागदावर उतरून द्या, मी मुंबईवरनं आनतो." पोरगा भला आहे, पण धीर नाही.
कुजक्या टायरवरचे आकडे पुसट झाले होते. चष्मा लावला असता तर दिसले असते, पण गरज काय? टायर उभा करून वीत लावली. बरोबर तीन विती. आमच्या आजोबांनी शेताचे बांध, घराचे वासे, सगळं वितीनेच मापलं. काही पडलं नाही.

१२ सप्टेंबर, बुधवार
खोपोलीच्या भंगारवाल्याकडे तीन विती मापून दोन टायर घेतले, चाकासकट. एका वेळी दोनच आणता येतात. उरलेल्या दोन टायरचं नामाला सांगितलं. तो नवशाचा भाऊ, उद्या बाजाराला जातोय. "तीन विती, लक्षात ठेव." म्हणाला, "ठेवतो की भाऊ."

१४ सप्टेंबर, शुक्रवार
नामाने टायर आणले. मागे बसवले.
गाडीची मागची बाजू उंच झाली आहे. बरीच. नवशा म्हणाला, "चारा खायला वाकलीया जनू." मी त्याला समजावलं की स्पोर्ट्‌स गाड्या अशाच उभ्या राहतात, वेगासाठी. जिजाने विचारलं, पुढची पन तीन विती नि मागची पन तीन विती, मग असं कसं?
संध्याकाळी नामाचा पंजा पाहिला. नांगर धरून धरून फावड्याएवढा झालेला. माझा हात पेन धरणाऱ्याचा. म्हणजे माप बरोबर होतं, हात चुकला. माझ्याकडून चूक नाही हे सिद्ध झाल्याने बरं वाटलं.

१६ सप्टेंबर, रविवार
नेरळच्या रस्त्यावर ट्रायल. प्रत्येक खड्ड्यात मागचा टायर मडगार्डला घासतो, धूर निघतो, रबर जळाल्याचा वास येतो. खड्डे गाडीचे नाहीत, रस्त्याचे आहेत. सखा म्हणाला, मोठ्या चाकांमुळे वेगाचा काटा दाखवतो त्यापेक्षा गाडी जास्त पळते. हे गिऱ्हाइकाला आवर्जून सांगायचं.
पाठ दुखते.

२३ सप्टेंबर, रविवार
मुंबईच्या पेपरात जाहिरात दिली. "टायर चार, सर्व भक्कम." एक शब्द खोटा नाही.

७ ऑक्टोबर, रविवार
कुणी आलं नाही. जाहिरात पितृपक्षात आली, तेव्हा लोक खरेदीच्या मूडमध्ये नसतात.
जिजा रोज सकाळी नवशाच्या गोठ्याकडे बघत उभी राहते. मी तिला म्हटलं, असं बघून म्हैस येत नाही. ती म्हणाली, "ठावं हाय. तुमी टायरकडं बघा."

१४ ऑक्टोबर, रविवार
गिऱ्हाईक आलं! सोराबजी नावाचे पारशी गृहस्थ, दादरचे. सखाने नेरळ स्टेशनवरून टेंपोत बसवून आणलं. इंजिन पाहिलं, खूश. सीट पाहिली, खूश. मग उकिडवे बसून चष्मा लावला आणि टायरवरचे आकडे वाचत बसले. बराच वेळ. विचारलं, मागचे जीपचे आहेत का? असावेत, म्हटलं. हे कशावरून घेतले? मी वितीची पद्धत सांगितली.
त्यांनी माझा हात मागितला. मग नामाला बोलावून त्याचा हात माझ्या हाताला लावून पाहिला. इतके हसले की जिजाला पाणी आणावं लागलं.
पण माणूस सज्जन. चिठ्ठीवर बरोबर साइज लिहून दिली. म्हणाले, या मापाचे चार टायर घाला, मी अठ्ठावीस तारखेला येतो आणि तुम्ही म्हणाल त्या किमतीला गाडी नेतो.
म्हणजे विकली गेल्यातच जमा. जिजा आज किती दिवसांनी हसली. नवशाला सांगून आली की दोन आठवडे कळ काढ.

१५ ऑक्टोबर, सोमवार
सखा चिठ्ठी मागायला आला. म्हणे उद्याच मुंबईला जातो. मी दिली नाही. गाडी माझी आहे, सगळं त्यानेच केलं तर गावात काय बोलतील? जिजा दाराआडून म्हणाली, "द्या की वो त्याला." रात्रभर विचार करून सांगतो म्हटलं.

१७ ऑक्टोबर, बुधवार
विचार झाला. साहेबांची खरी तक्रार काय? पुढचे आणि मागचे टायर सारखे नाहीत. मग मुंबईला कशाला जायचं? पुढेही नामाच्या मापाचे घालायचे. चारही सारखे, तक्रारच मिटली. असं डोकं सगळ्यांना नसतं.

२१ ऑक्टोबर, रविवार
नामाला घेऊन जाऊन त्याच्याच हाताने मापून आणले. गाडी आता अगदी लेव्हलमध्ये उभी आहे. सखा आला, गाडी बघितली आणि तसाच मागे फिरला. फुरंगटला असेल.

२७ ऑक्टोबर, शनिवार
दिवाळीची गडबड. गाडी धुतली, चाकांना हळदकुंकू लावलं. चालवून पाहिली नाही. उगाच धूळ बसते.

२८ ऑक्टोबर, रविवार. दुपार
सोराबजी आले. लांबून गाडी पाहून म्हणाले, वा. मी त्यांना शेजारी बसवून गाडी सुरू केली. स्टिअरिंग वळेना. पुढचे टायर दोन्हीकडे मडगार्डला अडकले होते. गाडी फक्त सरळ जाते. आमच्या अंगणातून सरळ गेलं की नवशाच्या पेंढ्याची उडवी लागते. लागली.
साहेबांच्या कोटावर पेंढा होता. रागावले नाहीत, हे जास्त वाईट. फक्त विचारलं, चिठ्ठी हरवली का? खिशातच होती. हरवली म्हणालो.
पाचच्या आगगाडीने गेले. म्हणाले, आता दुसरी गाडी बघतो.
सखाला चिठ्ठी द्यायला हवी होती. इथे लिहायला हरकत नाही, ही वही कोण वाचतंय?

२ नोव्हेंबर, शुक्रवार
नवशाची म्हैस अडली. कुणाला जवळ येऊ देईना. पहाटे नवशाची बायको चिमा जिजाला बोलवायला आली. जिजा पदर खोचून गेली, उजाडल्यावर परत आली. पारडी झाली. दोघी ठीक. नवशाचा शब्द संपला.
जिजाने येऊन हातपाय धुतले आणि चूल पेटवली. बोलली असती तर बरं झालं असतं.

४ नोव्हेंबर, रविवार
म्हैस नवशाकडे कुणालाच धार काढू देत नाही. जिजालाच देते. म्हणून उद्यापासून जिजा रोज सकाळ-संध्याकाळ धार काढायला नवशाकडे जाणार. आपल्याच म्हशीची धार, नवशाच्या हंड्यात. त्याबद्दल रोज अर्धा शेर दूध मिळेल.
जिजा म्हणाली, "तुमच्या च्याला तरी व्हईल."
मी म्हटलं, मला कोराच आवडतो.
आयुष्यात कधी कोरा चहा प्यालेलो नाही.