डाव्या मडगार्डाची चौकशी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. आम्ही दोघंही ठणठणीत आहोत. तुझा गुडघा कसा आहे? (फोनवर "बरा आहे" म्हणालीस, पण इतक्या पटकन म्हणालीस की माझा विश्वास बसला नाही.)

आता मुद्द्यावर येतो. बाबांचा बागेतला छोटा ट्रॅक्टर तू "अडगळ झालीये, घेऊन जा" म्हणत देऊन टाकलास, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. जी बहीण आईचं शिलाई मशीन वीस वर्षं मला हलवू देत नाही, ती सबंध ट्रॅक्टर देते म्हणजे काय? धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत हे मलाही कळतं. पण दुकानदारांच्या तराजूखाली चिकटवलेली शिशाची गोळी शोधण्यात माझी एकतीस वर्षांची नोकरी गेली आहे. दात मोजल्याशिवाय मला चैन पडत नाही.

तेव्हा ट्रॅक्टर अंगणात उतरला त्याच दुपारी वही, टॉर्च आणि लोहचुंबक घेऊन तपासणीला बसलो. (हिने चहा आणून दिला आणि "आरोपी काय म्हणतोय?" असं विचारलं. तुम्ही दोघी एकमेकींना सामील आहात असा माझा कयास आहे.) टाकीत गंज, सीट उंदरांनी कुरतडलेली, पट्टा सैल, हे सगळं वयाला धरून होतं. पण डाव्या मडगार्डावर चुंबक फिरवला तर वीतभर जागेत तो चिकटेचना, घसरून थेट माझ्या पायावर पडला. चुंबक चिकटत नाही म्हणजे वर पुट्टी. पुट्टी आहे म्हणजे खाली पोचा. आणि पोचा झाकून वस्तू दिली म्हणजे देणाऱ्याच्या मनात काहीतरी काळंबेरं. वहीत तुझं नाव लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुरुस्तीला एक मेकॅनिक लावला. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावून बसतो, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणतात. माणूस कमी बोलतो, आणि कमी बोलणाऱ्या माणसांचा अनुभव मला आहे. असे लोक जुन्या गाडीचे अस्सल पार्ट काढून भलतेच बसवतात असं ऐकलं होतं. म्हणून तो जेवायला गेला की मी इंजिनाचा स्पार्क प्लग काढून सदऱ्याच्या खिशात टाकायचो आणि तो यायच्या आत परत लावायचो. (प्लगच का, ते विचारू नकोस. हात आपोआप तिकडेच जायचा.) परवा लावायला विसरलो. डॉक्टरने आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि एवढंच म्हणाला, "काका, खिशाला तेलाचा डाग पडलाय."

मी खाली पाहिलं. ताई, बाबांच्या प्रत्येक सदऱ्याच्या खिशावर हाच डाग असायचा.

मग मी स्वतःच पुट्टी खरवडायला घेतली. खाली चांगला खोल पोचा निघाला आणि त्यात आपल्या बागेतल्या हौदाच्या कोपऱ्याचा निळा रंग अजून चिकटलेला. तपास तिथेच बंद केला. वहीतलं तुझं नाव खोडलं आहे.

भाऊजींना नमस्कार. बाकी सर्व क्षेम.

तुझा,
धाकटा

ता. क. खोडलेल्या नावाच्या जागी कुणाचं लिहिलं ते तुला ठाऊकच आहे. बाबा दुपारी झोपले असताना ट्रॅक्टर हौदावर मी घातला होता. मी नऊ वर्षांचा होतो, तू चौदाची. त्याच रविवारी बाबा तुला चालवायला शिकवणार होते. "माझ्याकडून झालं" असं तू सांगितलंस आणि मी हौदामागे बसून ते ऐकलं. त्या दिवसापासून, ट्रॅक्टर कुणी चालूच करू नये म्हणून, प्लग बाबांच्या खिशात गेला आणि तू त्या सीटवर पुन्हा बसली नाहीस. मला मात्र पुढे त्यांनी हौसेने शिकवलं. मडगार्ड नवीन बसवलंय असं मी समजून चाललो, कारण ते सोयीचं होतं. मला याची फार लाज वाटते, आणि हे लिहायला मला पन्नास वर्षं लागली.

आणखी एक ता. क. ट्रॅक्टर तयार आहे. डॉक्टर म्हणतो, चालू करून बघू. मी नको म्हटलं. सोबतच्या डबीत कापडात गुंडाळून प्लग पाठवला आहे. दुसरा आणून बसवायचा नाही असं डॉक्टरला बजावलंय आणि त्याची वहीत सही घेतलीये. तू ये, तूच लाव, पहिली फेरी तुझी. क्लच डाव्या पायाला आहे, म्हणून तर गुडघ्याचं खरं काय ते विचारलं.

शेवटचं. डबी मिळाली की फोन कर. नुसतं "मिळाली" म्हणू नकोस. प्लगवर मी कानशीने काही रेघा मारल्या आहेत, त्या किती ते मोजून सांग. तुझ्यावर माझा पूर्ण विश्वास आहे, टपालवाल्यावर नाही.