ह्यांच्यासाठी पिस्तूल निवडताना

२ मार्च, रविवार
एक जुनी दुपार सारखी आठवते आहे. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हे जेवणाच्या टेबलावर जुनी चादर पसरून पिस्तूल साफ करत होते. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला मी मटार सोलत होते. एक इवलीशी स्प्रिंग उडाली ती थेट माझ्या पातेल्यात. दोघांनी मिळून दाणा न् दाणा चाळला. सापडल्यावर ह्यांनी आधी स्प्रिंग पुसली आणि मग म्हणाले, तुझे मटार तेलकट झाले.

तेच पिस्तूल अकरा दिवसांपूर्वी मी पेटीतून काढून नेमबाजीच्या क्लबात नेऊन दिलं. कायमचं. ह्यांना सांगितलं, दुरुस्तीला टाकलंय.

डॉक्टर म्हणाले होते, हात थरथरतो, आता नेमबाजी बंद. म्हणाले ते मला, बाहेर पॅसेजमध्ये, हे आत बुटाच्या नाड्या बांधत असताना. म्हणजे ह्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत सिस्टर म्हणायच्या, खोटं बोलणारा एकदा फसवतो, न सांगणारा रोज.

पुढच्या रविवारच्या आत सांगणार. नक्की.

६ मार्च
सांगणारच होते. चहाच्या वेळी ह्यांनीच विचारलं, झालं का दुरुस्त? मी म्हटलं, पार्ट मिळत नाही. मग जीभ आपोआपच पुढे गेली. म्हटलं, त्यापेक्षा नवंच घेऊ या. डबल अ‍ॅक्शन सेमी-ऑटोमॅटिक. हे शब्द मी कुठे ऐकले होते कोण जाणे. चाळीस वर्षांत काहीतरी कानात साचलं असणार.

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. म्हणाले, बरोबर आहे, जुन्याचा हॅमर, म्हणजे मागचा घोडा, अंगठ्याने मागे ओढावा लागतो आणि माझा अंगठा आता दुखतो. नव्यात ट्रिगर दाबला की काम झालं. पण निवड नीट कर, घाई करू नकोस.

घाई करायची नाही, हे त्यांनीच सांगितलंय. नोंद असावी.

११ मार्च, मंगळवार, सकाळी ११
क्लब. लांबट खोली, टोकाला वाळूच्या पोत्यांची भिंत, भिंतीवर ओळीने कागदी लक्ष्यं. शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणतात. मी त्यांना सांगितलं, ह्यांच्यासाठी पिस्तूल बघायचंय, घ्यायचं नाही, म्हणजे घ्यायचंय, पण बघत राहायचंय. त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग काही न विचारता तीन पिस्तुलं टेबलावर मांडली. एक काळं पोलादी, एक हलकं प्लास्टिकच्या मुठीचं, एक राखाडी. मनात म्हटलं, मी स्वतः चालवून पाहिल्याशिवाय निवड प्रामाणिक कशी होणार?

मास्तरांनी समजावलं. पहिल्या गोळीला ट्रिगरच हॅमर मागे नेतो आणि सोडतोही, म्हणून तो लांब आणि जड. पुढच्या गोळ्यांना हॅमर आधीच मागे असतो, म्हणून हलका. मी दाबला. काही होईना. आणखी दाबला. बोट पांढरं पडलं. शेवटी गोळी उडाली. दुसरी गोळी मात्र मी मनात आणायच्या आधीच गेली. कागद कोरा. माझ्या डाव्या बाजूच्या कागदाला भोक पडलं, ते माझं नसावं. बायफोकल चष्म्याचा दोष.

१२ मार्च
ह्यांना अहवाल दिला. काळं बाद, मूठ जाड आहे. ट्रिगर किती लांब ओढावा लागतो, विचारलं. मी चमचा हातात घेऊन दाखवलं. हे पोट धरून हसले. दोन तास बोलत बसलो. शेवटचं असं कधी बोललो होतो? लेकीच्या लग्नाच्या याद्या करताना बहुतेक.

अशा वेळी सांगायचं म्हणजे दुधात मिठाचा खडा. पुढच्या आठवड्यात.

१९ मार्च
हलकंही बाद. कारण दिलं, फार हलकं. हे म्हणाले, हलकेपणा हा गुण की दोष? मी म्हटलं, हातावर अवलंबून. हात हा शब्द तोंडून गेला आणि जीभ चावली. ह्यांनी खिडकीबाहेर बघितलं. थरथरणारा हात मांडीखाली सरकवला, मला दिसू नये म्हणून. मी पाहिलं आणि पाहिलं नाही असं दाखवलं.



२३ मार्च
लेकीचा फोन. तिला सगळं माहीत आहे, कारण मला कुणाला तरी सांगावं लागतं. म्हणाली, "आई, तू बाबांना सांग, नाहीतर मी सांगते." मी म्हटलं, निवड पूर्ण झाली की सांगेन. ती म्हणाली, निवड पूर्ण झाल्यावर काय करशील, त्यांच्या हातात पिस्तूल देशील? मुलीला इतकं शिकवायला नको होतं.

१ एप्रिल, मंगळवार
राखाडीही बाद करणार होते, पण मग उरलं काय? म्हणून काळं पुन्हा विचारात घेतलं. मूठ तितकीशी जाड नाही, असं आता वाटतं.

दहापैकी चार गोळ्या कागदावर. मास्तर म्हणाले, कुणाच्या कागदावर ते विचारू नका. गमतीशीर माणूस आहे. खरं म्हणजे माझ्यात उपजत काहीतरी असावं. वेळेवर सुरुवात केली असती तर.

मंगळवारची मी वाट बघते. हे लिहायला नको होतं. ज्याचं हिरावून घेतलं त्याच्याच खेळात रमायचं, ह्याला काय म्हणतात?

८ एप्रिल
घरी जे सांगायचं ते कागदावर लिहून काढलं. तीन पानं. वाचून पाहिलं. पहिल्या पानावर हवापाणी, दुसऱ्यावर ह्यांचे गुण, तिसऱ्यावर विरामचिन्हं चुकलेली. पुन्हा लिहायला हवं.

१४ एप्रिल
हे म्हणाले, उद्या मीही येतो, तिन्ही बघतो. मी म्हटलं, उद्या क्लब बंद आहे, रंगकाम चालू आहे. कुठला रंग, विचारलं. म्हटलं, हिरवा. बरा दिसेल, म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

उद्या सकाळी उठल्या उठल्या सांगते. चहाच्या आधी.

१५ एप्रिल, मंगळवार
चहा झाला. दुसरा चहा झाला. मी तोंड उघडलं तोच ह्यांनी एक कागद माझ्यापुढे सरकवला. पिस्तूल क्लबाला देऊन टाकल्याचा कागद. खाली ह्यांची सही, वेडीवाकडी. तारीख जानेवारीची. मी पिस्तूल नेलं त्याच्या महिनाभर आधीची.

"डॉक्टरांचा आवाज दारातून ऐकू येतो गं," हे म्हणाले. "सही केली, पण नेऊन द्यायचा धीर होईना. रोज पेटी उघडायचो आणि बंद करायचो. मास्तरला सांगून ठेवलं होतं, ती आणून देईल एक दिवस, तिला काही विचारू नकोस."

मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का बसलात?

"तू चमचा घेऊन ट्रिगर दाखवत होतीस. थांबवायचं कुणी?"

म्हणजे मी ज्यांना जपत होते तेच मला जपत होते. दोन महिने पाप डोक्यावर वाहिलं, ते आधीच वाटून घेतलेलं होतं. हलकं वाटायला हवं. वाटत नाही. जानेवारीपासून हा माणूस एकटा पेटी उघडत बसला होता आणि मला शेजारच्या खोलीत पत्ता नव्हता.

शिवाय ती तिन्ही पिस्तुलं क्लबाची आहेत, नवशिक्यांची. त्यांतलं एकही विकाऊ नाही. आणि मास्तर दर मंगळवारी ह्यांना फोन करतात. मी गोळी झाडताना दोन्ही डोळे मिटते म्हणे. पहिल्या दिवसापासून.

आता वाटप, विसरायच्या आत:

साफसफाईचे ब्रश, सळई, तेलाची बाटली क्लबाला.
पिस्तुलाची रिकामी पेटी लेकीला. तिच्या मनासारखं झालं, काहीतरी तर मिळायला हवं.
क्लबातून मी आणलेली माहितीपत्रकं ह्यांनाच. दुपारी वाचायला.
ह्यांचे कानावरचे मफ मला. सैल होतात, पण चालतील.
मंगळवारची अकराची वेळ दोघांना. मी झाडायचं. ह्यांनी मागे खुर्चीत बसायचं आणि दर गोळीआधी सांगायचं, डोळे उघड.