टिकलीवरून अडलेली मंगळागौर

सोम. ४ ऑगस्ट
झालं! मिळाली एक! तिसऱ्या मजल्यावरची रेहाना. मूळची दापोलीकडची, मुलुंडला येऊन जेमतेम वर्ष झालंय. लिफ्टमध्ये सहज म्हटलं, आमच्या मंगळागौरीच्या ग्रुपमधली एक गळाली, सतराला स्पर्धा, वाट लागलीय. तर म्हणते, "फुगडी? अगं, शाळेत मला कोणी हरवलं नव्हतं." बाहेर पडून पॅसेजमध्येच हात धरून गरगर फिरवलं बाईनं. माझी चप्पल शेजाऱ्यांच्या दारात!

मंगळ. ५
माधुरीला फोन. ग्रुप तिचा, शेवटचा शब्दही तिचाच. "मुसलमान बाई मंगळागौर खेळणार? लोक काय म्हणतील, मनीषा?" म्हटलं, आधी तिची फुगडी बघ, मग बोल. कडाकडा भांडलो. शेवटी "आण बाई" म्हणाली. जिंकले!!

शुक्र. ८
आमच्या हॉलमध्ये प्रॅक्टिस. सोफा गॅलरीत. रेहानाचा झिम्मा, पिंगा, बसफुगडी... काय सांगू! पायाचे अंगठे धरून गाठोडं होऊन अशी लोळली की माधुरीनंच टाळ्या पिटल्या. कडवं विसरलं की कोपऱ्यात बसलेल्या सासूबाईंकडे बघायचं. सासरे गेल्यापासून त्या खेळत नाहीत, नुसता ठेका धरतात. कप आपलाच.

मंगळ. १२
घोळ.
रंगीत तालीम, सगळ्या नऊवारीत. माधुरीनं चंद्रकोरीच्या टिकल्या वाटल्या. रेहानानं घेतली, परत दिली. "नथ घालते, गजरा माळते, गाणी म्हणते. ही नको. तेवढं माझं मला राहू दे."
मला रागच आला. एवढी भांडले हिच्यासाठी, आणि हिला टिकली जड झाली!
माधुरी म्हणाली, "मोकळ्या कपाळानं मंगळागौर? अशुभ असतं. तसली बाई रिंगणात नको."
सासूबाईंचा ठेका थांबला. "म्हणजे माझ्यासारखी," म्हणाल्या.
माधुरी पर्स उचलून गेली, मागोमाग रेहाना.

गुरु. १४
सकाळी चहा घेताना सासूबाई म्हणाल्या, "त्या पोरीला बोलव. तिच्यासमोर मी उभी राहते. दोघी आहोत तशाच."
"आई, गुडघे?"
"गुडघे माझे आहेत."
धावत तिसऱ्या मजल्यावर. रेहाना दारातच, "रागावलीस ना माझ्यावर?" म्हटलं, हो. "अजून?" म्हटलं, थोडी. हसली आणि आली! नाही लावायची तिला टिकली, तर नाही लावायची. मी कोण तिचं कपाळ रंगवणारी?
आई फुगडी खेळल्या. खेळल्या!! मला रडू आणि हसू एकदमच. ग्रुपवर लिहून टाकलं, आम्ही तिघी येतोय. बाकीच्या 'झकास' म्हणाल्या. माधुरीनं नुसतं वाचलं.

रवि. १७, सकाळ
सेफ्टी पिना घ्यायला वर आलेय, तेवढ्यात दोन ओळी. खाली रिक्षा उभ्या. माधुरी आली! नऊवारी नेसून गेटपाशी. आधी रेहानाच्या कपाळाकडे बघितलं, मग आईंच्या. म्हणाली, "चला आधी. स्टेजवर कोण, ते हॉलवर बघू."
आई म्हणाल्या, "तू बघ. मी खेळायला निघालेय." रेहानाचा हात धरून पहिल्या रिक्षात चढल्यासुद्धा.
गॅलरीतून दिसतंय, त्या रिक्षात एक जागा रिकामी आहे आणि माधुरी अजून गेटवरच उभी आहे.