आईचे तेवीस आवाज

४ मार्च
आईचे आवाज गेले. तेवीसच्या तेवीस!

तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ताईच्या फोनमध्ये बोलून मला पाठवायची. आई वारल्यावर ते मी खोलीतल्या आम्हा सगळ्यांच्या एका कॉम्प्युटरवर ठेवले — माझ्या फोनचं मेमरी कार्ड लावलं, एकेकावर उजवं बटण दाबून 'सेंड टू डेस्कटॉप' केलं. दिसत होते सगळे. म्हणून कार्ड पुसलं. आज दोन महिन्यांनी उघडायला गेलो तर फाइल सापडत नाही म्हणतो. तेवीस वेळा तेच.

५ मार्च
ताईला विचारलं, तुझ्याकडे आहेत का. 'माझा जुना फोन फुटला तेव्हाच गेले.' मग परत तेच सुरू — 'आईनं तुला बोलावलं होतं. माझ्यासमोर फोनमध्ये बोलली.'
'खोटं. मला कुणी बोलावलं नाही. सगळं उरकल्यावर कळवलंस.'
'मग ऐकून बघ ना. तुझ्याकडे आहेत ना?'
काय सांगणार हिला. फोन ठेवला. मिळू देत एकदा — सगळे तिलाच ऐकवतो.

७ मार्च
सुट्टी. कॉम्प्युटर उचलून दुरुस्तीवाल्याकडे नेला.
'चित्राच्या कोपऱ्यात बाण दिसतोय? हा शॉर्टकट. नुसती पाटी. दुकान कार्डात होतं, ते तू पाडलंस.'
'माझं चौथीपर्यंतच झालंय.'
'पदवीवालेसुद्धा हेच करून येतात. कार्ड पुसल्यावर त्यात काही भरलंस?'
'गाणी.'
'किती?'
'मावली तेवढी.'
त्यानं माझ्याकडून कार्ड मागून घेतलं. 'मग गाण्यांखाली गेली रे तुझी आई.' राग नाही आला. काही निघतं का बघतो म्हणून कार्ड ठेवून घेतलं त्यानं.

९ मार्च
लाँड्रीत हात भाजला. गरम रोलरवर चादर सोडताना लक्ष नव्हतं. मुकादम म्हणाला, 'कुठं आहेस?' आईचा आवाज आठवत होतो. शब्द येतात, आवाज येत नाही.

११ मार्च
दुरुस्तीवाल्याचा फोन नाही.

१४ मार्च
एक मिळाला. चार मिनिटांचा. मला खुर्ची देऊन दुरुस्तीवाला बाहेर जाऊन उभा राहिला.

सुरुवात ओळखीची. दाराची कडी बसत नाही, सुताराला तीनदा सांगितलं, येतो म्हणतो आणि येत नाही. आई लांबण लावायची. ओल्या चादरींच्या ढिगात उभं राहून कोण ऐकणार — तिची कडी सुरू झाली की मी बंद करायचो. सगळे असेच ऐकलेत मी. अर्धे.

आज बंद केला नाही. कडी संपली. मग मध्येच म्हणाली, 'बरं, ऐक. डॉक्टर नीट काही सांगत नाहीत. जमलं तर ह्याच आठवड्यात ये. नाही जमलं तर तसं कळव रे, म्हणजे मी वाट बघत बसणार नाही.'

मी काही कळवलं नव्हतं.

१५ मार्च
ताईचा फोन आला. 'मिळाले का?'
एकही नाही, म्हणालो.